तिच्या वतीने

न्यायालयाचा निवाडा हे वाङ्मय आहे, असे कोणी मानीत नाही. निवाडा पाळावयाचा असतो, फार तर त्यावर अपील करावयाचे असते. त्याचे रसग्रहण करण्याची प्रथा नाही. तथापि काही निवाड्यांत एका मनुष्याच्या साऱ्या आयुष्याची कथा सांगितलेली असते, आणि सांगणाऱ्याने कोणाला बोलू दिले व कोणाला मुके ठेवले यावर त्या कथेचा शेवट ठरत असतो. अशा निवाड्याला टीकाकाराचे निकष लावले तर न्यायालयाचा उपमर्द होतो, असे आम्हांस वाटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी अरुणा शानभाग यांच्या प्रकरणी दिलेला निवाडा आम्ही या दृष्टीने पुन्हा वाचला. जो रुग्ण स्वतः बोलू शकत नाही, त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा त्या निवाड्याचा विषय. आणि त्याचे उत्तर जितके कायद्याचे तितकेच निवेदनशैलीचे आहे, असे आमचे मत झाले आहे.

हा विषय मैसूरला बसून लिहिण्यास एक छोटे निमित्तही आहे. अरुणाबाई मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु त्यांचे मूळ गाव हळदीपूर, उत्तर कन्नड जिल्ह्यातले. १९४८ साली त्यांचा जन्म झाला तेव्हा तो जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो म्हैसूर राज्यात आला. आणि १ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि पंचवीस वर्षांची ती तरुणी पुढे सुमारे बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात पडून राहिली. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला.

अरुणाबाईंच्या वतीने पहिला निर्णय घेतला गेला तो २०११ साली नव्हे, १९७३ सालीच. आरोपीवर जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न एवढेच गुन्हे लावण्यात आले. बलात्काराची वाच्यता झाली नाही. तरुणीचा विवाह ठरलेला होता, तिची अब्रू राखावी, असा विचार त्यामागे असावा, असे पुढे सांगितले गेले. आरोपीला सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती भोगून तो सुटला. अब्रू कोणाची राखली आणि कोणासाठी राखली, हे ज्या व्यक्तीला विचारावयाचे ती उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हती. तिच्या हिताची काळजी वाहणाऱ्यांनीच तिच्या जीवनातील सर्वांत मोठे सत्य कागदावरून पुसले. रुग्णाचे हित आणि रुग्णाचे म्हणणे या दोन गोष्टी एक नाहीत, याचा एवढा स्पष्ट दाखला दुसरा नसेल.

कायद्याच्या आधी साहित्य या प्रकरणाकडे वळले. हरकिसन मेहता यांची ‘जड चेतन’ ही गुजराती कादंबरी १९८५ सालची. दत्तकुमार देसाई यांनी १९९४-९५ च्या सुमारास मराठीत ‘कथा अरुणाची’ हे नाटक लिहिले. ते महाविद्यालयीन रंगभूमीवर झाले आणि २००२ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली पुन्हा रंगभूमीवर आले. १९९८ साली पिंकी विराणी यांचे ‘अरुणाज स्टोरी’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. या शेवटच्या पुस्तकाचे ऋण मोठे आहे. रुग्णालयाच्या एका खोलीत विस्मृत झालेल्या स्त्रीला त्याने नाव, गाव आणि भूतकाळ परत दिला. परंतु त्या पुस्तकाची एक अडचणही आहे, आणि ती अशा विषयावरील सर्वच लेखनाची आहे. अपघाताआधीची अरुणा जिवंत व्यक्ती म्हणून उभी राहते. नंतरची अरुणा एक प्रश्न होऊन बसते. वाचकाच्या मनात हळहळ दाटते ती पहिलीसाठी, आणि निर्णय मागितला जातो तो दुसरीविषयी. त्याच लेखिकेने पुढे सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला की या रुग्णेला जबरीने अन्न देणे थांबवावे आणि तिला शांतपणे जाऊ द्यावे. लेखिकाच अर्जदार झाली. निवेदक आणि वकील यांतील अंतर इतके कमी झाल्याचे दुसरे उदाहरण आपल्याकडे क्वचितच सापडेल.

आता निवाड्याकडे येऊ. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ग्यान सुधा मिश्रा यांच्या पीठाचा हा निवाडा मिर्झा गालिबच्या एका शेराने उघडतो. मरणाची आस लागूनही मरण न येण्याची व्यथा त्या शेरात आहे. शेर थोर आहे यात शंका नाही. परंतु प्रकरणाच्या प्रारंभी तो आला की वाचक नकळत असे धरून चालतो की खाटेवरची व्यक्ती मरणाची आस धरून आहे. शेरातला ‘मी’ बोलतो, झुरतो, तक्रार करतो. हळदीपूरच्या या स्त्रीने असे काही म्हटल्याची नोंद कोठेही नाही. पुढची पृष्ठे ज्या प्रश्नाचा शोध घेणार आहेत, त्याचे उत्तर उद्धृताने आधीच उसने आणून ठेवले. काव्याचा हा उपयोग आम्हांस अनुचित वाटतो. मूकाच्या तोंडी दुसऱ्याचा शब्द घालण्याचा तो सर्वांत सुंदर, म्हणूनच सर्वांत फसवा प्रकार आहे.

यानंतर मात्र निवाडा खऱ्या अर्थाने वाचनीय होतो. अर्जात एक चित्र आहे : हाडे ठिसूळ झालेली, कोणतीही जाणीव नसलेली, केवळ देहरूप उरलेली स्त्री. रुग्णालयाच्या प्रतिज्ञापत्रात दुसरे चित्र आहे : ही रुग्णा अन्न घेते, चेहऱ्यावरून प्रतिसाद देते, देहधर्माची वेळ झाली की आवाज करते आणि परिचारिका तो आवाज ओळखतात. दोन चित्रे जुळत नाहीत हे पाहून न्यायालयाने मुंबईच्या तीन डॉक्टरांना पाहणीसाठी पाठविले : डॉ. जे. व्ही. दिवातिया, डॉ. रूप गुरसहानी आणि डॉ. नीलेश शहा. त्यांचा अहवाल निवाड्यात दिलेला आहे, आणि या साऱ्या प्रकरणातले उत्तम गद्य कोणते असे कोणी विचारल्यास आम्ही या अहवालाकडे बोट दाखवू. मेंदू मृत झालेला नाही. रुग्णा मूर्च्छेतही नाही. कायमच्या निश्चेतन अवस्थेची बहुतेक लक्षणे तिच्या ठायी आहेत. आणि मासे व कोंबडीचे सार तिला आवडत असावे असे दिसते. या शेवटच्या नोंदीत विशेषण नाही, करुणेचा उमाळा नाही. किनाऱ्यावरच्या गावातली मुलगी चाळीस वर्षांनी माशाला प्रतिसाद देते, एवढेच तीन परक्या माणसांनी लिहून ठेवले. त्यावरून तिला जगावयाचे होते असे सिद्ध होत नाही, आणि मरावयाचे होते असेही होत नाही. परंतु साऱ्या कागदांत तिच्या स्वतःच्या बाजूने आलेली खूण काय ती हीच.

न्यायालयाने या खुणेवर निर्णय उभारला नाही. निर्णय उभा राहिला तो नात्याच्या प्रश्नावर. इंग्रजी कायद्यात ज्याला ‘नेक्स्ट फ्रेंड’ म्हणतात, तो अशा रुग्णाचा निकटचा स्नेही कोण? लेखिकेने पुस्तक लिहिले, ती अधूनमधून भेटून गेली. पण सदतीस वर्षे रात्रंदिवस सेवा केली ती रुग्णालयातल्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी. म्हणून खरे स्नेही तेच, आणि त्यांना ही रुग्णा जगावी असे वाटते, म्हणून अर्ज अमान्य. पुढे त्यांचे मत बदलले तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाकडे जावे, अशी वाटही ठेवली. त्याच वेळी, योग्य प्रकरणी उपचार थांबविण्यास उच्च न्यायालयाच्या किमान दोन न्यायमूर्तींच्या पीठाने तीन डॉक्टरांचे मत घेऊन परवानगी द्यावी, असा नियम घालून दिला. मालमत्तेच्या लोभाने नातेवाईक आणि डॉक्टर संगनमत करतील, ही भीती त्यामागे होती. ती निराधार होती असे आपल्या समाजात राहणारा कोणीही म्हणणार नाही.

निष्कर्षाशी आमचे भांडण नाही. संशय असेल तेथे प्राण राखावा, हे धोरण शहाणपणाचे आहे. आमचा आक्षेप तर्काच्या मांडणीवर आहे. ‘ती काय म्हणाली असती’ या प्रश्नाची जागा ‘ती कोणाची’ या प्रश्नाने घेतली. उद्या सेवा करणाऱ्यांचे मन बदलले तर तिचे मरण विचाराधीन होईल, म्हणजे तिच्या आयुष्याची दोरी सेवकांच्या मनात आहे. सेवेचे रूपांतर स्वामित्वात कसे होते, हे या तर्कात फार हळूच घडून जाते.

याच मैसूरच्या साहित्याशी संबंधित एक कृती येथे आठवल्यावाचून राहत नाही. यू. आर. अनंतमूर्ती यांनी या नगरीत अध्यापन केले. त्यांची ‘संस्कार’ ही कन्नड कादंबरी १९६५ सालची, आणि तिचे इंग्रजी भाषांतर करणारे ए. के. रामानुजन हे तर मैसूरचेच सुपुत्र. नारणप्पाच्या प्रेताला अग्नी कोणी द्यावा या वादासाठी ती कादंबरी प्रसिद्ध आहे. आम्हांस मात्र तिच्यातील भागीरथी अधिक महत्त्वाची वाटते. प्राणेशाचार्यांनी जाणूनबुजून रोगी स्त्रीशी विवाह केला आणि वर्षानुवर्षे तिची सेवा केली, कारण ही सेवा हाच त्यांचा मोक्षमार्ग. ती त्यांना विनविते की तुम्ही दुसरे लग्न करा, घराला मूल हवे. आचार्य हसून ते बाजूला सारतात. भागीरथीला वाचा आहे, बुद्धी आहे. तिचे म्हणणे तेवढे ऐकले जात नाही, कारण ते ऐकले तर सेवकाचे पुण्यच खंडित होईल. निवाड्याच्या अखेरीस न्यायालय रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मुक्तकंठाने गौरव करते, आणि तो गौरव सर्वस्वी रास्त आहे. अनंतमूर्तींच्या मनात सेवेविषयी जी शंका आहे ती मात्र त्या गौरवात कोठे शिरत नाही.

परिचारिकांवर अन्याय होऊ नये म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८० नंतरच्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी महानगरपालिकेने अरुणाबाईंना दुसरीकडे हलविण्याचा दोनदा प्रयत्न केला, आणि दोन्ही वेळा परिचारिकांनी आंदोलन करून तो हाणून पाडला. कोणत्या आवाजाचा अर्थ काय, हे त्यांना कळत होते. अशा रुग्णाविषयीचे ज्ञान हातांत असते, पुस्तकात नसते. आणि ज्याने हात लावला नाही त्याने बाहेरून येऊन दयेची भाषा करावी, याचा त्यांना राग आला असल्यास तो समजण्यासारखा आहे. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की त्या साक्षीदार म्हणून अमोल होत्या. साक्षीदाराला न्यायाधीश केले की साक्षीचे मोल कमी होते.

मराठी वृत्तपत्रांनी या प्रकरणी ‘इच्छामरण’ हा शब्द फार सैलपणे वापरला. इच्छामरण भीष्मांचे होते. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी सावरकरांनी प्रायोपवेशनाने देह ठेवला, १५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांनी पवनारला अन्न-औषध नाकारून ठेवला. त्या दोघांनी आपली इच्छा स्वतः बोलून दाखविली होती. येथून जवळच्या श्रवणबेळगोळच्या टेकडीवरील शिलालेख सल्लेखनेच्या ज्या शेकडो कथा सांगतात, त्याही जाणतेपणी घेतलेल्या व्रताच्या. अरुणाबाईंच्या बाबतीत इच्छा हाच अज्ञात भाग होता. जेथे इच्छा ठाऊक नाही तेथे ‘इच्छामरण’ म्हणणे म्हणजे गालिबच्या शेराचीच चूक एका शब्दात करणे होय. ‘दयामरण’ हा शब्द निदान प्रामाणिक आहे. दया दुसऱ्याची असते, हे तो लपवीत नाही.

रुग्ण जाणता असता तर काय म्हणाला असता, या प्रश्नाला न्यायालय अपरिचित होते असेही नाही. त्याच सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिल्लीतील एका प्रकरणी अगदी निराळी भूमिका घेतली होती. चव्वेचाळीस वर्षांच्या एका स्त्रीला तपासणीसाठी भूल दिलेली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले. न्यायालय म्हणाले की रुग्णा सज्ञान होती, थोड्या वेळात शुद्धीवर येणार होती, आणीबाणीचा प्रसंग नव्हता. तेव्हा आईची संमती ही संमतीच नव्हे. काही तासांच्या भुलीत आईलाही जो अधिकार नाही, तो अनेक वर्षांच्या निश्चेतन अवस्थेत कोणाला आणि कोठून मिळतो? हा प्रश्न २०११ च्या निवाड्याने उभाच केला नाही. तो न विचारल्यास काय घडते हे महाराष्ट्राने फेब्रुवारी १९९४ मध्ये पाहिले आहे : शिरूरच्या शासकीय गृहातील मतिमंद स्त्रियांची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिले गेले ते स्वच्छतेचे आणि सोयीचे. लोकमत खवळले आणि पुढील शस्त्रक्रिया थांबल्या. तेथेही निर्णय ‘त्यांच्या हिताचा’ म्हणूनच घेतला गेला होता.

अरुणाबाईंच्या मृत्यूनंतर कायदा पुढे सरकला. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात येतो असे मान्य केले, आणि सज्ञान व्यक्तीने आपल्या अखेरच्या उपचारांविषयी आधीच लिहून ठेवलेल्या निर्देशाला, ज्याला लोक ‘लिव्हिंग विल’ म्हणतात त्याला, मान्यता दिली. परंतु त्यावर प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी हवी, पुढे जिल्हाधिकाऱ्याने नेमलेले वैद्यकीय मंडळ हवे, अशा अटींमुळे तो हक्क बराचसा कागदावरच राहिला. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयानेच त्या अटी सोप्या केल्या. आता दोन साक्षीदारांसमोर सही करावयाची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करून घ्यावयाची. आपल्या वतीने निर्णय घेणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावे देता येतात. रुग्णालयातील दोन मंडळांनी शक्यतो प्रत्येकी अठ्ठेचाळीस तासांत मत द्यावयाचे. कर्नाटकाच्या आरोग्य खात्याने ३० जानेवारी २०२५ रोजी याच्या अंमलबजावणीचा आदेश काढला. महाराष्ट्रात डॉ. निखिल दातार यांच्या जनहित याचिकेनंतर, ही पत्रे सांभाळणारे अभिरक्षक स्थानिक संस्थांतून नेमण्यात आले.

वाङ्मयाच्या दृष्टीने या बदलाचा अर्थ असा की इतकी वर्षे तृतीयपुरुषात सांगितली जाणारी कथा प्रथमपुरुषात सांगण्याची सोय झाली. ‘ती’ची ‘मी’ झाली. परंतु हा नवा लेखनप्रकार लिहिणे सोपे नाही. छापील नमुन्यावर खुणा करून त्याखाली सही ठोकली, तर पुढे मंडळासमोर बसलेल्या डॉक्टरला त्यातून माणूस दिसणार नाही. ‘अनावश्यक उपचार नकोत’ हे वाक्य निरर्थक आहे. अनावश्यक काय, हेच तर ठरवावयाचे असते. नळीने अन्न द्यावे की नाही, श्वासयंत्र किती दिवस चालवून पाहावे, ओळख हरपली तर काय करावे, आणि कोणत्या सुखासाठी आपण अंथरुणात पडूनही जगू इच्छितो, हे ज्याच्या त्याच्या शब्दांत यावयास हवे. त्या तीन डॉक्टरांनी माशाची नोंद केली. तशी एखादी नोंद स्वतःच्या हाताने केलेली असावी.

या प्रकारालाही मर्यादा आहेत. लिहिणारा धडधाकट मनुष्य आणि खाटेवरचा मनुष्य यांची इच्छा एकच राहील अशी हमी कोणी देऊ शकत नाही. म्हणून पत्र केव्हाही लेखी मागे घेण्याची मुभा ठेवली आहे. शिरूरच्या स्त्रियांसारख्या ज्यांना असे पत्र कधीच लिहिता येणार नाही, त्यांना याचा काही उपयोग नाही. आणि बहुसंख्य लोक ते लिहिणारच नाहीत. त्यांच्यासाठी पुन्हा नातेवाइकांची संमती आणि मंडळांचे मत हाच मार्ग उरतो. तेथे पुन्हा ‘ती कोणाची’ हा प्रश्न दबा धरून बसलेला आहेच.

आमच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये याची दोन कारणे आहेत. आपणांपैकी पुष्कळांचे आईवडील साताऱ्याला, नांदेडला, बेळगावला आहेत आणि आपण बदलीच्या गावी. त्यांच्याविषयीचा असा निर्णय एखाद्या रात्री दूरध्वनीवर विचारला जातो, आणि तेव्हा ‘त्यांना काय हवे होते’ हे आठवण्यापेक्षा ‘लोक काय म्हणतील’ हेच आधी आठवते. दुसरे कारण असे की आपणांपैकी काहीजण राजपत्रित अधिकारी आहेत, आणि बाकीचे आमच्यासारखे, त्यांच्यापुढे कागद ठेवणारे आहेत. सत्यप्रतीवर शिक्का मारण्याची सवय आपल्या हाताला आहे. येथे तेवढ्याने भागत नाही. लिहिणाऱ्याने हे पत्र स्वेच्छेने, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि पूर्ण समजून लिहिले आहे, अशी अधिकाऱ्याची खात्री झाली पाहिजे असे न्यायालयाने म्हटले आहे. वृद्ध गृहस्थ मुलाबरोबर आले असतील तर मुलाला पाच मिनिटे बाहेर बसावयास सांगणे, आणि त्या गृहस्थांना त्यांच्याच भाषेत विचारणे, हे त्या खात्रीत येते असे आम्ही समजतो.

१८ मे २०१५ रोजी अरुणाबाई गेल्या तेव्हा ‘संस्कार’ कादंबरीतला प्रश्न मुंबईत प्रत्यक्ष उभा राहिला. अंत्यविधीचा अधिकार रक्ताच्या नातेवाइकांचा की बेचाळीस वर्षे सांभाळणाऱ्या रुग्णालयाचा, यावर त्या दिवशीही मतभेद झाले. अखेर रुग्णालयाचे अधिष्ठाता आणि भाचा या दोघांनी मिळून अग्नी दिला. ती कोणाची, याचे उत्तर त्या दिवशी तरी दोन्ही पक्षांनी वाटून घेतले. तिला काय हवे होते, हे मात्र कोणत्याही कागदावर नाही.